पोटातल्याचा वाटा

त्या माणसांचं मला पहिलं काय आठवतं, तर जाळी. तळ्याकाठच्या आमराईत झाडाझाडाला पांढरी बारीक जाळी टांगलेली, आणि त्या जाळ्यांत माणसं झोपलेली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला गावाने नुकताच जाळला होता. त्याचा धूर जमिनीलगत पसरायचा आणि त्यात ती जाळी हळूहळू हलायची. आमचं घर मासे मारणाऱ्यांचं. जन्मल्यापासून मी जाळ्यांवर लोळलेली. पण माणसांनी आपण होऊन जाळ्यात शिरायचं आणि वर झोपायचंही, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. बाला विचारलं तर म्हणाला, "डासं लागतात त्याइले. पातळ कातडीचे लोक आहेत." जसं काही आमच्या वाटेला डास जातच नव्हते!

सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा चर्चचे लोक होते ते. तीन बायका, तीन पुरुष. पोंभुर्ण्याहून बैलगाडीने आमच्या गावी आले, ते पंधरा दिवसांसाठी. साल मला विचारू नका. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, मीही तेवढीच होते. सकाळी औषधं वाटायची, संध्याकाळी पेटी वाजवून गाणी म्हणायची आणि आपल्या देवाच्या गोष्टी सांगायच्या, असा त्यांचा नेम. चांद्याच्या शाळेतले एक मास्तर त्यांचं बोलणं मराठीत सांगायचे. पण ते मराठी इतकं इस्त्रीचं की आम्हाला निम्मं कळायचं. गाणं तर काहीच कळत नसे. तरी ते पाण्यावरून गावात यायचं तेव्हा चूल फुंकणाऱ्या बायकाही फुंकणी खाली ठेवायच्या. अजूनही मोहाचा वास आला की मला ती पेटी ऐकू येते. हसा हवं तर, पण येते.

त्यांच्यात एक नर्स होती. उंच, चाळिशीची, उन्हाने नाकाची सालं निघालेली. माझ्या खरजेला मलम आणायला माय मला तिच्याकडे घेऊन गेली. बाईने मला मलम लावलं, आणि मग माझ्याकडे न बघता मायच्या पोटाकडे बघितलं. काही न विचारता हात ठेवला. माय दचकून मागे सरली.

मला तिथेच कळलं की मायला दिवस गेलेत. घरात फक्त बाला ठाऊक होतं. माझ्या पाठची दोन लेकरं पोटातच गेली होती, सातव्या महिन्यात एक आणि सहाव्यात एक. कुणाची तरी नजर लागते, असं मायने धरून ठेवलं होतं. म्हणून या खेपेला तिने गावाला पत्ताच लागू द्यायचा नाही असं ठरवलं. पत्ता लागू द्यायचा नाही म्हणजे काय, तर रोजच्यासारखी माशांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायचं, ओली जाळी ओढायची, विहिरीवरून पितळेचे दोन-दोन गुंड भरून आणायचे. थांबली की बायका ओळखणारच.

मास्तर म्हणाले, "या भगिनी सांगतात की आपण ओझे उचलू नये. अन्यथा अपत्यास धोका आहे."

"तिले सांगा," माय म्हणाली, "मी बसली तर गाव विचारन, काऊन बसली. मंग मी काय सांगू?"

मग तिने बाईला विचारलं, तुले लेकरं किती? मास्तरांनी तोंड उघडायच्या आधीच बाईला कळलं. तिने एक बोट वर केलं. थोडं थांबून ते दुमडलं. मायने तीन बोटं वर केली आणि दोन दुमडली. उरलेलं बोट मी. मी आपली तिथेच बसून खरूज खाजवत होते.

येताना मायने मला दटावलं, "कोनापाशी बोलली तर थोबाड फोडीन." मी बोलले नाही. पण माय टोपली डोक्यावर घेऊन उठायची तेव्हा मी धावत जाऊन खालून टोपलीला हात लावायची. मला भाऊ हवा होता. देवाशप्पथ, इतकं काही मला पुढे आयुष्यात हवंसं वाटलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी तळ्याची मासेमारी आली. पाणी उतरलं की वर्षातून एकदा अख्खा गाव एकदम तळ्यात उतरायचा. मग काठावर पळसाची पानं मांडायची आणि सगळे मासे सारखे वाटायचे. जो पाण्यात उतरला त्याचा एक वाटा. म्हातारा असो, पोर असो, त्या दिवशी गावात आलेला पाहुणा असो. आणि जी बाई पोटुशी असेल तिच्या पानाशेजारी दुसरं पान, पोटातल्याचं. ते मागून घ्यायचं. मायने मागितलं नाही.

बाई गुडघाभर चिखलात उतरली होती, लहान पोरीसारखी हसत. म्हणून तिलाही वाटा पडला; झिंगे, शिंगाडे मासे आणि वर एक मरळ. तिने ते पान दोन्ही हातांनी उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ येऊन मायच्या पानाशेजारी ठेवलं.

काठावरच्या सगळ्या माना मायच्या पोटाकडे वळल्या.

तिला बिचारीला काय ठाऊक! उद्या जायचं, एवढे मासे कोण शिजवणार, आणि ओळखीची म्हणून माय. पण गावाने जे वाचायचं ते वाचलं. मायचा चेहरा राखेसारखा झाला. "घात केला हिनं माहा," म्हणाली आणि पोटावर पदर ओढला. मला त्या बाईचा असा राग आला की धावून जाऊन चावावं.

तेवढ्यात वाटे घालणारे म्हातारेबाबा उठले. त्यांनी ते पान नीट सरळ केलं, वर आणखी एक मरळ ठेवली. "वाटा पडला," ते म्हणाले. "आता हे पोरगं गावाचं आहे. सांगतलं काऊन नाई बाई तू?"

मग बायका आल्या. एकीने मायची टोपली उचलली, दुसरीने ओलं जाळं. त्या दिवसापासून आमच्या दारात पाण्याने भरलेले गुंड आपोआप येऊ लागले. माय पाण्याला निघाली की विहिरीवर बायका तिच्यावर खेकसायच्या, "घरी जाय नं वो!" सहावा गेला, सातवा गेला. सातव्यात तर मी रोज सकाळी उठून आधी तिचं पोट बघायची. श्रावणात भाऊ झाला. काळा, रडका आणि जिवंत.

ती माणसं मासेमारीच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. आमराईत जाळी नाहीत, पेटी नाही. मला कित्येक दिवस वाटायचं की मी ते सगळं झोपेतच पाहिलं.

पुढच्या फाल्गुनात पुन्हा पानं मांडली. भावाचा वाटा पडला. त्याला कडेवर घेऊन माय म्हणाली, "बाबा, अजून एक पान मांडा."

"आता अजून कोनाचं?"

"त्या गोऱ्या बाईच्या लेकराचं. गेलेलं आहे ते. तिचा वाटा माह्या पोरानं खाल्ला."

म्हातारेबाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पान मांडलं आणि काठच्या डबक्यात राखलेली एक जिवंत मरळ त्यावर ठेवली. मायने भावाला माझ्या कडेवर दिलं, ती मरळ दोन्ही हातांत धरली, गुडघाभर पाण्यात गेली आणि सोडून दिली. एवढी मोठी मरळ गेली म्हणून बा तोंडातल्या तोंडात पुटपुटला.