टाय, नाक आणि दोन कान

फोटोवाल्याला अख्खी गल्ली 'एकरंगी' म्हणते. फोटो काळापांढरा करायचा आणि त्यात एकच वस्तू रंगीत ठेवायची, हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते निघायचं नावच घेईना. न्हाव्याच्या दुकानाचा फोटो काढला, तर खुर्ची तेवढी हिरवी. शाळेच्या वर्गाचा काढला, तर सगळी पोरं राखाडी आणि बाईंच्या मागे टांगलेली छत्री पिवळीधमक. बाई म्हणाल्या, छत्री शिपायाची आहे, माझं काय? त्यावर हा म्हणे, तुमच्यात तेवढा पिवळा नव्हता.

असा हा सुखी माणूस. दुखणं एकच, बायकोचा भाऊ. स्टुडिओच्या मागे बिनखिडकीची अंधारखोली आहे. एकरंगी पूर्वी तिथं फोटो धुवायचा. मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून तिथं उतरला आणि तिथंच मुरला. एकरंगीला आता पुन्हा हातानं फोटो धुवायची हौस आली होती, पण मेहुण्याला खोली सोड म्हणणार कोण? शेवटी बायकोनंच तोडगा काढला. भावाचं लग्न जमलं की तो वेगळं बिऱ्हाड करील, मग खोली तुमची. एक नर्सबाईचं स्थळ आलं होतं. तिनं फोटो मागवला होता.

एकरंगीनं कंबर कसली. मेहुण्याला कोट चढवला, लाल टाय बांधला. मेहुणा त्या दिवशी सर्दीनं बेजार होता, पण मुहूर्त पुढं ढकलायला एकरंगी तयार नव्हता. फोटो निघाला. कॉम्प्युटरवर टायवर क्लिक केलं की त्या जातीचा लाल जिथं जिथं असेल तिथं राहतो, बाकी सगळं करडं होतं. नको तिथला लाल मग हातानं पुसावा लागतो. ही पुसापुशी अजून बाकी होती. पण अर्ध्या कामालाच 'झालं' म्हणायची एकरंगीची जुनी खोड, गिऱ्हाईक शांत बसतं म्हणून लागलेली. तो सवयीनं झालं म्हणाला आणि चहा टाकायला उठला. बायकोनं ते ऐकलं आणि ती नर्सबाईला फोटो पाठवून मोकळी झाली.

चहा घेऊन आला तर पडद्यावर मेहुणा राखेतून उठल्यासारखा, आणि त्यात टाय लाल, नाक लाल, दोन्ही कान लालबुंद. बायकोनं कपाळावर हात मारला. मेहुणा म्हणाला, "भावजी, मी असा दिसतो?" एकरंगीला खोली हातची गेल्यासारखं वाटलं. दोन दिवस तो बायकोच्या नजरेला नजर देईना.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई स्वतःच दारात. उभ्याउभ्याच म्हणाली, नाक खरं आहे का तेवढं बघायला आलेय. मेहुणा बाहेर आला आणि आल्या आल्या शिंकला. सर्दी अजून होतीच. नाकही होतं.

"फोटोत आहे तसाच आहे की," ती म्हणाली. "आजवर आलेले सगळे फोटोत देखणे होते. भेटले की तोंड बघवत नव्हतं."

जमलं. बायकोनं डोळ्याला पदर लावला. एकरंगी मनातल्या मनात दोऱ्या बांधून त्यावर ओले फोटो वाळत घालू लागला. एवढ्यात नर्सबाईनं घर बघू का म्हटलं. बायकोनं हौसेनं सगळं फिरवून दाखवलं, अंधारखोलीसुद्धा. नर्सबाई आत गेली, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

"अहो ताई," आतून आवाज आला, "माझी रात्रपाळी असते. दिवसा झोपायला अशी खोली मी कधीची शोधतेय. आम्ही इथंच राहिलो तर चालेल?"

बायकोनं नवऱ्याकडे न बघताच चालेल म्हणून टाकलं. एकरंगीनं दाराला तोंड लावून विचारलं की रात्रपाळी कधीतरी बदलत असेल ना.

"नाही हो," आतून जांभई आली. "मी कायमची मागून घेतलीय."