काकांनी उन्हात पारखलेला खेळ

आमच्या घरात सायकल असो, पंखा असो की माझ्या थोरल्या बहिणीला आलेलं स्थळ असो, काकांनी पाहिल्याशिवाय कशालाच होकार मिळत नसे. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. चुडाव्याच्या बाजूला त्यांची शेती होती आणि बैलाची पारख करावी तर त्यांनीच, असा त्यांचा दबदबा होता. माझे वडील परभणीत कारकून होते. कचेरीत साहेबांची पत्रंसुद्धा दुरुस्त करायचे, पण घरात साधी चाळणी घ्यायची झाली तरी म्हणायचे, "दादा येऊ दे."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती शेवटची वर्षं. परीक्षा वेळेवर होतील की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं, त्यामुळे अभ्यास न करायला माझ्याकडे अगदी राजमान्य कारण होतं. त्या उन्हाळ्यात शेजारच्या खालांचा धाकटा भाऊ दुबईहून सुट्टीवर आला. खाला म्हणजे मावशी. त्यांची आणि आमची भिंत एकच, आणि आई आणि त्या तर एकाच पोटच्या बहिणी असल्यासारख्या. म्हणून त्यांचा भाऊ तो माझाही मामू. मामूनं साबणाच्या वड्या आणल्या, अत्तर आणलं आणि तिथल्या जुन्या बाजारातून हातात मावणारा एक व्हिडिओ गेम आणला. राखाडी डबी, हिरवट पडदा, आणि पडद्यावर हरभऱ्याएवढा एक तलवारवाला शिपाई.

हा शिपाई नुसत्या उड्या मारणारा नव्हता. तो गावोगाव हिंडायचा, लोकांशी बोलायचा, रानातले विंचू आणि वटवाघळं मारायचा, आणि जितकी मारील तितका तगडा व्हायचा. राबलं की ताकद वाढते, आणि डबी बंद केली तरी कमावलेलं सगळं आत शाबूत राहतं, ही गोष्ट मी परभणीत पहिल्यांदाच पाहत होते.

अडचण एकच होती. त्या गावांतली माणसं जपानीत बोलत. पडद्याच्या खाली चिमुकल्या चौकोनी अक्षरांच्या ओळी उमटायच्या आणि त्यांतलं एक अक्षर मला कळत असेल तर शपथ.

मामूला खेळात रस नव्हता. "चार दिवस ठेव बेटा," तो म्हणाला. "पसंत पडलं तर तुमीच घ्या. न्हाई तर जाता जाता कुनाला तरी देऊन टाकीन."

त्या चार दिवसांचे बरेच दिवस झाले. दुपारी आई आणि खाला आमच्या ओसरीवर गहू निवडत बसायच्या आणि मी खांबाला टेकून खेळायचे. एकदा खालांनी विचारलं, "ती बाई काय म्हनायलीय गं त्याला?" पडद्यावर एक जाडजूड बाई शिपायासमोर उभी होती. आता कळत नाही असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी घसा साफ करून वाचून दाखवलं, "लेकरा, एवढ्या उन्हाचा कुठं जायलायस? ताक पिऊन जा."

"भली बाई हाय," खाला म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून मी त्या अख्ख्या मुलखाची दुभाषी झाले. दुकानदार म्हणे, "उधारी बंद हाय, पाव्हणं." पाटील म्हणे, "विंचू मारा, पन माझ्या बांधावर मारू नका." प्रत्येकाला मी वेगळा आवाज दिला होता. मी मनाचं सांगते आहे हे आईला पहिल्याच दिवशी कळलं असणार, कारण ती सुपाआड तोंड लपवून हसायची. पण दुपारचं झाकपाक झालं की तीच आधी ओसरीवर यायची.

मग शिपाई पुलापाशी अडला. पुलाच्या तोंडाशी काठी टेकून एक म्हातारा उभा होता. तो हटेना. जवळ गेलं की तीन ओळी बोलायचा, परत गेलं की त्याच तीन ओळी. त्याला काय हवं होतं ते त्या ओळींत लिहिलेलं असणार आणि नेमकं तेच मला वाचता येत नव्हतं. मी रोज त्याच्या तोंडी नवीन कारण घालत होते.

"त्याला पान खिलव," खाला म्हणाल्या.

"सून भांडून गेली असंल त्याची," आई म्हणाली. "तिची वाट बघायलाय बिचारा. त्या गावात कुनी बाई रडताना दिसली का बघ."

मी खरंच रडणारी बाई शोधत सगळी गावं पालथी घातली. मला तो म्हातारा हवा होता, पुलापलीकडचं हवं होतं, आणि त्यासाठी ती डबी आमच्या घरात राहायला हवी होती. वडिलांपुढे विषय काढला. ते हसले, डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "दादा येऊ दे."

काका सकाळच्या गाडीनं आले. न्याहारीची भाकरी खाल्ली, मिशी पुसली आणि मामूला बोलावणं धाडलं. मामूही समोर येऊन मांडी घालून बसला. काकांनी डबी तळहातावर तोलली, बटणं एकेक करून अंगठ्यानं दाबली, सेलची झाकणी उघडून आत असं पाहिलं, जणू जनावराचे दात मोजतायत. मग खांद्यावरचा गमछा काढला. बैलबाजाराचा रिवाज असा, की दोघांचे हात कपड्याखाली भेटतात आणि भाव बोटांनीच ठरतो. भोवतीच्यांना आकडा कळत नाही. काकांचा आणि मामूचा हात गमछ्याखाली गेला. मामूच्या बापानं जन्मभर बाजार केलेले, त्यामुळे त्याची बोटंही तयार होती. गमछा हलत होता, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत पाहत होते, आणि मी गमछ्याकडे.

"बरं," काका म्हणाले. म्हणजे जमलं. "आता बाराला उन्हात धरून बघू."

"काका, मशीन हाय ते, बैल न्हाई," मामू म्हणाला.

"सकाळच्या गारव्यात कोनबी चालतंय. बाराच्या उन्हात जे चालतंय ते आपलं. बैलाला हाच कायदा हाय, तर ह्याला वेगळा कशापायी?"

बाराच्या ठोक्याला त्यांनी डबी चालू करून अंगणातल्या शहाबादी फरशीवर ठेवली. परभणीचं मे महिन्यातलं ऊन. त्या फरशीवर मांजरसुद्धा पाय उचलून पळायचं. मी ओसरीवरून पाहत होते. हिरवा पडदा आधी गढूळ झाला, मग कडेकडेनं काळा, आणि बघता बघता तव्यासारखा काळाठिक्कर. शिपाई, म्हातारा, पूल, सगळंच गेलं.

काकांनी गमछा झटकून खांद्यावर टाकला. "बसलं," ते म्हणाले. कामात मध्येच बसकण मारणारा, बसका बैल कुणी घेत नाही.

मामूचा चेहरा उतरला. त्यानं डबी रुमालात गुंडाळली आणि उठून गेला. बाजारात असं बसका म्हणून नाकारणं म्हणजे जनावराचाच नव्हे, धन्याचाही पाणउतारा असतो.

आम्ही जेवून उठतोय तेवढ्यात भिंतीपलीकडून बारीक आवाजात ती धून ऐकू आली. शिपाई गावात शिरला की वाजते ती. खालांच्या घरात, माठाजवळच्या सावलीत, डबी थंड होऊन पुन्हा जिवंत झाली होती.

मी काकांकडे पाहिलं. काकांनीही ऐकलं होतं.

"काका, चालू झाला. जा ना."

"मोडल्या सौद्यावर परत जाता येत न्हाई, पोरी. त्याच दावनीला दुसऱ्यांदा गेलं की बाजार हसतो." मग त्यांनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरत, कुणाकडेच न बघता म्हणाले, "दुसऱ्या गिऱ्हाइकानं गेलं तर गोष्ट येगळी."

दुसरं गिऱ्हाईक समोरच बसलेलं होतं. मी वडिलांकडे पाहिलं. वडील पेपरमागे गेले. भावानं नाकारलेली वस्तू त्याच्या देखत घ्यायची म्हणजे भावाची पारख खोटी ठरवायची, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. आणि तू जा असं उघड म्हणायचं म्हणजे स्वतःची पारख चुकली हे कबूल करायचं, हे काकांच्यानं. दोघं एकमेकांचा मान राखत संध्याकाळपर्यंत बसले. मग काका गाडीला गेले.

मामू निघाला त्या दिवशी ऑटोची वाट पाहत त्यानं डबी माझ्या हातात दिली. "जाईपर्यंत खेळ बेटा." नांदेडला एका दोस्ताला त्यानं ती कबूल केली होती. म्हाताऱ्याशी मी शेवटचं बोलले. तीन ओळी आल्या. मग शिपायाला पुलापासून मागे वळवलं, विंचवांच्या रानातून नीट चालवत आणलं आणि एका घरात नेऊन ठेवलं. दारात ऑटो फटफटत होता. खाला पदरानं डोळे पुसत होत्या, भावासाठी पुसत होत्या, पण मला विचारलं ते शिपायाचं: "कुठं ठेवलंस त्याला?"

"घरात," मी म्हणाले.

आता हे जुने खेळ घरबसल्या मिळतात. काका नाहीत, खालाही नाहीत, आणि बाराच्या उन्हात डबी धरणारं आता कुणी उरलं नाही. माझा मुलगा म्हणाला, आई, असल्या गेममध्ये आता काही राम नाही, आणि घ्यायचाच तर इंग्रजीतला घे, निदान म्हातारा काय म्हणतो ते तरी कळेल. मी दोन्ही पाहिले. इंग्रजीतला स्वस्तही होता. मी जपानी मागवला. माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला आता एवढं बारीक दिसत नाही, तू वाच, मी ऐकते. तिची खुर्ची मी खिडकीपाशी सरकवून ठेवली आहे.