बगळे खाली का जात नाहीत?

ईराच्या स्क्रीनवर तीस बगळे उडत होते आणि एकही दुसऱ्याला धडकत नव्हता. सातवीच्या प्रोजेक्टमधले बगळे धडकतातच, असा माझा अनुभव. मला लगेच शंका आली.

मी चंडीगढच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माहेर सांगलीचं, नवरा हवाई दलात, त्याच्या पोस्टिंगबरोबर इकडे आले. सातवीला ब्लॉक कोडिंग असतं. टाइप फारसं करायचं नाही, आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. या वेळचा विषय होता प्राण्यांचा घोळका. घोळक्याला कुणी हुकूम देत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. जवळ राहायचं, पण अंगावर जायचं नाही. सर्वात चांगला प्रोजेक्ट शहराच्या प्रदर्शनाला जाणार होता. "मॅम, नाम कब आएगा?" हे ईरा मला रोज विचारायची.

ईराचे आईवडीलही मराठी, वडील मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मागच्या पालकसभेत म्हणाले होते, "मॅडम, मी बसतो हं तिच्यासोबत अधूनमधून." पालकांचं हे 'बसणं' मी चांगलं ओळखते.

मी तिचे ब्लॉक उघडले. व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवायचा डबा. बाकीची मुलं त्याला एक्स, वाय अशी नावं देतात. ईराच्या डब्यांची नावं देवनागरीत होती, 'दूरी' आणि 'खाली'. नियम असा, की 'दूरी' वीसपेक्षा कमी झाली, तर 'खाली'च्या दिशेला वळ. खाली! घरी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी ही मुलगी कोडमध्ये मराठी लिहील? सापडले वडील, असं मला वाटलं. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

मुद्दाम मराठीतच विचारलं, "ईरा, बगळे खाली का जात नाहीत गं?"

"जाते तो हैं, मॅम."

"कुठे? दाखव."

तिने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे खाली आहे?"

"जी, मॅम."

"पप्पांनी केलंय ना हे?"

तिचा चेहरा उतरला. "नहीं मॅम. पक्का नहीं." डोळे भरून आले. मी तोही पुरावाच मानला.

यादी त्याच दिवशी द्यायची होती. मी मुख्याध्यापिका गिल मॅडमना लॅबमध्ये बोलावलं. "मॅम, ये काम बच्ची का नहीं है. इसे ऊपर-नीचे तक नहीं पता."

गिल मॅडमनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "दूरी कम हो, तो खाली की तरफ मुड़ो. मतलब जिधर जगह खाली है, उधर. ठीक तो लिखा है जी. दिक्कत क्या है?"

मी पुन्हा वाचलं. हिंदीतलं खाली. म्हणजे रिकामं. त्या डब्यात सगळ्यात मोकळी दिशा होती, आणि त्या वेळी मोकळा होता तो वरचाच कोपरा. 'दूरी' तर सरळसरळ हिंदी. वडिलांनी मराठीत 'अंतर' लिहिलं असतं. तो शब्द मी वाचला होता आणि सोडून दिला होता, कारण तो माझ्या सोयीचा नव्हता.

मला फार लाज वाटली. गिल मॅडमसमोरच म्हणाले, "ईरा, चूक माझी आहे. तुझं नाव जातंय." तिने नाक पुसलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी तिची फाइल शेवटची उघडली. 'खाली' गायब होतं. त्या जागी लिहिलं होतं, 'रिकामं'.

"हे का बदललंस?"

"मम्मी से पूछा, मॅम. आपको समझ आए, इसलिए."

व्हेरिएबलचं नाव वाचणाऱ्याला कळेल असं ठेवावं, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते. वाचणाऱ्याने काय करावं, ते आजवर कधी लिहिलं नव्हतं.