फ्रीजच्या मागचे जाळीकाका

“वैनी, फ्रीजलाबी पाठ असती, हे या घरात कुणाला ठाऊक हाय का नाय?”

आतल्या खोलीत अभ्यास करताना हे वाक्य कानावर आलं आणि पाठोपाठ आईचं ओशाळलेलं हसू. मी दारातून डोकावले. खालच्या मजल्यावरचे काका आमच्या फ्रीजमागे वाकले होते. मागच्या काळ्या जाळीवर धुळीचा थर इतका जाड होता, की कुणी जुनी गोधडी वाळत घातली आहे असं वाटावं. त्या धुळीत एक चमचा होता, द्राक्षांचे वाळलेले देठ होते आणि माझं शाळेचं हरवलेलं ओळखपत्र. मी हबकले. आई रोज पुसून लखलखीत ठेवायची त्या वस्तूची दुसरी बाजू अशी होती!

इमारतीत त्यांना सगळे जाळीकाका म्हणत. मूळचे देवळ्याकडचे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात देखभालीच्या कामावर सारी नोकरी झाली. काकू गेल्यावर ते एकटेच राहत. होळीच्या आधीच्या आठवड्यात, नाशिकचं ऊन तापायच्या आत, ते घरोघरी जाऊन फ्रीजची जाळी साफ करून देत. खांद्यावर फडकं आणि हातात रंगकामाचा जुना, मऊ झालेला ब्रश. चहाखेरीज काही घेत नसत.

“हितं जाळीवर धूळ, तर तिकडं एकलहऱ्याला जादा कोळसा,” असं ते म्हणत. आतली उष्णता या जाळीतून बाहेर पडते; धूळ बसली की ती अडकते आणि मशीन थांबायचं नावच घेत नाही. काम झालं की ते फ्रीज मागे ढकलत आणि भिंतीशी हाताची चार बोटं आडवी लावून अंतर मोजत. “त्याला श्वास घेऊ द्या, वैनी. भिंतीला चिकटवून काय गळा दाबता त्याचा?” मग कान लावून ऐकत. मशीन थांबलं की स्वतःच दमल्यासारखे खुर्चीत बसत.

मला बोलायला वेळ लागतो. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागतं; ते जुळेपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असतात. पाहुणे आले की “ही बोलत नाही का हो?” हे ठरलेलं. काकांनी तसं कधीच विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला. “धर, ताई. बोलायची काय गरज नाय. फक्त उजेड दे.” चार वर्षं मी त्यांना उजेड दिला. आधी प्लग काढायचा, ब्रश वरून खाली फिरवायचा, नळीची ओढाताण करायची नाही, पाणी तर मुळीच मारायचं नाही, हे सगळं त्या उजेडात शिकले. फ्रीजरमधला बर्फ कसा काढायचा हेही त्यांनीच सांगितलं होतं: “बंद करून दार उघडं ठेवायचं. तो आपसूक सुटतो. लोकांना धीर नसतो.”

मलाही नव्हता. चौथ्या वर्षी काका सकाळी जाळी साफ करून गेले आणि दुपारी मावशी येणार होती. सरबताला बर्फ हवा होता, ट्रे घट्ट चिकटलेला. घरात मी एकटी. मी भाजीची सुरी घेतली आणि ट्रेखाली घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि सुरीजवळून गार झोत सुटला. मी दार लावून टाकलं. दारामागे ती शिट्टी वाजतच राहिली. मी सुरी धुऊन जागेवर ठेवली.

रात्रीपर्यंत दूध नासलं. “सकाळी काकांनी हात लावला काय आणि संध्याकाळी बंद पडला काय!” आईनं त्यांना बोलावून घेतलं. काकांनी जाळी पाहिली, नळ्या चाचपल्या. मग फ्रीजर उघडला. “ताई, उजेड.” मी टॉर्च धरला. त्यांचं बोट आतल्या पत्र्यावरून सरकत एका ठिकाणी थांबलं. तिथे एक लहानशी चीर होती. त्यांनी चिरेकडे पाहिलं, मग भिंतीवर थरथरणाऱ्या उजेडाकडे. माझ्याकडे पाहिलंच नाही.

“माझ्याच हातानं झालं असंल, वैनी,” ते दार लावत म्हणाले. “ब्रश मारताना नळीला ताण बसला. गॅस गेला सगळा.”

धुळीच्या एका कणाबद्दलही कुणाची भीड न बाळगणारा हा माणूस सरळ खोटं बोलत होता, आणि तेही माझ्यासाठी. आई नाही नाही ते बोलली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी वाक्य जुळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आईनं इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: ‘फ्रीजच्या जाळीचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.’ नाव नव्हतं, पण खाली सतरा अंगठे आले. तिच्याशेजारी बसून मी ते मोजले. आमच्याकडे नवा फ्रीज आला. त्याची जाळी आतच बसवलेली, मागून सपाट.

पुढच्या होळीला काकांना कुणीही बोलावलं नाही. आठवडाभर मी त्यांना खाली पार्किंगमध्ये पाहत होते. फडकं खांद्यावर, ब्रश खिशात. कुणी जिन्यातून उतरलं की ते अर्धवट उठत आणि पुन्हा बसत. मी कॉलेजला जाताना मान खाली घालून निघून जायचे. “काय ताई, परीक्षा कधी?” ते विचारायचे. मी सांगायचे. बाकीचं तोंडातच राहायचं.

मे महिन्यात ते देवळ्याजवळ भावाकडे कायमचे राहायला निघाले. खाली टेम्पो उभा होता, निरोपाला आठ-दहा जण जमले होते. काका प्रत्येकाला हात जोडत होते. आईनंही हात जोडले आणि हसत म्हणाली, “काका, आता तिकडे तरी कुणाच्या फ्रीजला हात लावू नका हं!”

सगळे हसले. काकाही हसले आणि म्हणाले, “नाय वैनी, आता सोडलं ते.”

या वेळी मी वाक्य जुळवलं नाही.

“आई, काकांनी काही केलं नव्हतं. फ्रीजरमध्ये सुरी मी घातली. भोक मी पाडलं, आणि काकांना ते त्याच दिवशी कळलं होतं.”