मातेची पाळी

मारियामातेची मूर्ती मास्तरीणबाईंच्या हातात होती. मी दोन्ही हात पुढं केले, ते तसेच राहिले.

"मातेला जागा नीट पाहिजे ग," बाई म्हणल्या. "तुमच्या त्या पत्र्यात कुठं ठेवायची? तुमची पाळी माझ्याच घरी करू."

मी म्हणलं, "बरं बाई."

मागं आई उभी होती, झेंडूचा हार घेऊन. तिनं सगळं ऐकलं.

ऑक्टोबरात आमच्यात रोझरी, म्हणजे मातेची जपमाळ, घरोघर फिरती. मारियामातेची मूर्ती एका घरी मुक्काम करती, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जाती. बाईंच्या घरामागून आमची पाळी. बाई बी ख्रिस्ती, आमी बी ख्रिस्ती. पण आमचा आजा मांगवाड्यातून आला हे बाईंच्या पक्कं ध्यानात. त्यांचा कुठून आला, ते कुणी काढायचं न्हाई.

आईनं सकाळधरनं घर सारवलं होतं. शेजारून टेबल मागून आणलं, वर धुतलेली चादर. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जाणार. त्याच्या आधी माता एक रात घरी राहावी, एवढंच तिला पाहिजे होतं.

संध्याकाळी आमच्याच पाळीला आमी बाईंच्या वट्ट्यावर पाहुण्यावानी बसलो. माळ संपली की ज्यानं त्यानं मनातली विनंती मोठ्यानं म्हणायची असती. बाईंनी मला खुणावलं. धर्मशिक्षणात त्यांनीच शिकवलं होतं, देवापुढं गोड बोलावं. मी गोड बोलले. "माते, बाईंनी आम्हाला जागा दिली, त्यांच्या घराला आशीर्वाद दे."

सगळे म्हणले, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. आईनं तोंड उघडलं न्हाई.

घरी येऊन तिनं हार रिकाम्या टेबलावर ठेवला. मेणबत्ती लावली. गुडघे टेकले.

"माय, तुला आणता आलं न्हाई. मला लय राग आलाय. उद्या बी जाईल आसं वाटत न्हाई. माझी पोर आज तुझ्यापुढं खोटं बोलली. तिला खरं बोलायचं बळ दे."

क्रूसाची खूण केली आन भाकरी थापायला बसली.   बाईंनी मूर्ती दिली न्हाई त्याची लाज होतीच, पण त्याहून जास्त माझ्या जिभेची वाटायली. अडाणी आईला जमलं ते मला शिकूनसवरून जमलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी रोझरी. बाई समोरच. विनंत्या सुरू झाल्या. मी उठले.

"माते, काल मी खोटं बोलले. बाईंनी तुला आमच्या घरी येऊ दिलं न्हाई. माझ्या आईनं घर सारवलं होतं. मला लाज वाटायली, आन राग आलाय. बाईंना माफ करायचं अजून माझ्या मनात न्हाई."

 मग आईचा एकटीचा आवाज आला, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

मूर्ती अजून आमच्याकडं आली न्हाई. आईबाप उसाला गेलेत. येत्या ऑक्टोबरात घर मी सारवीन, टेबल मांडीन, बाईंच्या दारात जाऊन हात पुढं करीन. न्हाई म्हणल्या, तर तिथंच गुडघे टेकून हीच प्रार्थना म्हणीन. मोठ्यानं.