धोब्याकडे हरवू नये म्हणून

वसईत माणिकपूरच्या रिक्षा स्टँडमागच्या गल्लीतून तुम्ही कधी चालत गेला असाल, तर मास्तरांनी तुमची कॉलर उलटून पाहिलेली आहे. तुम्हाला कळलं नसेल, एवढंच. मागून दोन बोटं यायची, थंडगार, खडूची पूड लागलेली. मानेला गुदगुल्या व्हायच्या. तुम्ही वळेपर्यंत निकाल लागलेला असायचा.

"रेडीमेड," मास्तर म्हणायचे. वाईट रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्याने.

शिंपी होते. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि मास्तर स्वतः; आणखी कोणी आत आलं तर मशीनने बाहेर जावं, एवढीच जागा. खाडीकाठच्या गावचे, अंगाने काडी, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला.

कॉलर उलटताना त्यांनी लहानथोर पाहिलं नाही. एका निवडणुकीत उमेदवार हात जोडून गल्लीत आला, मागे झेंडेवाल्यांची रांग. मास्तर रांगेतून वाट काढत गेले आणि साहेबांची कॉलर उलटली. घोषणा गारठल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "काज हातचं आहे. शिंपी चांगला आहे तुमचा. बाकीचे सोडा, त्याला सोडू नका." शेजारच्या पापडी गावात एका लग्नात तर त्यांनी फादरच्या झग्याची बगल चाचपली. "फादर, हे उसवनार. उद्या पाठवून द्या." मंडळी, मी शेजारी उभा होतो, जमीन दुभंगायची वाट बघत. फादरनी दुसऱ्या दिवशी झगा पाठवला.

मास्तरांनी स्वतःसाठी मात्र कधी काही शिवलं नाही. गिऱ्हाइकांनी शिवायला टाकून न नेलेले कपडेच ते घालून हिंडायचे. "घडीत राहिलं की कापड मरतं. हवा लागली पाहिजे," हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे मास्तर समोरून आले की, आज कोण अंगावर आहे ते आम्ही ओळखायचो. सोमवारी मेडिकलवाला, मंगळवारी पोस्टमन.

दुकानाच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, लेबलं टाचलेली होती. कॉलरच्या आत शिंपी आपल्या दुकानाच्या नावाची चिठ्ठी लावतो ना, ती. वापीपासून खेडपर्यंतची. काही लोक तिकिटं जमवतात, तसाच हा नाद, असं मी समजत होतो. मग एका दुपारी रेल्वे पोलिसांतले एक हवालदार पिशवी घेऊन आले, आणि मला कळलं की ही भिंत म्हणजे पत्त्यांची वही आहे.

रुळांवर, फलाटावर, कधी खाडीत एखादा माणूस सापडतो. खिशात कागद नाही, फोन नाही. काही दिवस त्याला ठेवतात, फोटो लावतात, वाट बघतात. कोणी आलं नाही तर बेवारस अशी नोंद होते आणि सरकारच त्याला पोचवतं. हवालदार अशा माणसाचा शर्ट दाखवायला आणायचे. शर्ट हवालदारांच्याच हातात, कारण नियम. मास्तर फक्त बघणार. पण बघता बघता शर्ट मास्तरांच्या हातात आणि हवालदार स्टुलावर चहा पीत, हे नेहमीचं.

"बेवारस आहे हो," हवालदार एकदा म्हणाले.

मास्तरांचा खडू थांबला. "अंगात शिवलेला शर्ट आहे ना? मग कोनीतरी त्याचं माप घेतलंय. बेवारस कसा?"

हे सगळं का, असं मी एकदाच विचारलं. त्या दिवशी त्यांनी माझी थट्टा केली नाही, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. खूप वर्षांपूर्वी असाच एक निळ्या चौकडीचा शर्ट आला होता, आणि आतलं लेबल मास्तरांचंच होतं. शिलाई आपली, काज आपलं, पण माणूस काही आठवेना. वही चाळली. त्या कापडाच्या नोंदीपुढे नुसतंच 'सुरेश', आणि वहीत सुरेश पाच, पत्ता एकाचाही नाही. मुदत संपली, सरकारने त्याला पोचवलं. महिन्याभराने जवळच्या नंदाखाल गावातल्या एका वाडीत कामाला असलेली बाई दुकानात आली. हातात त्याच निळ्या चौकडीचा उरलेला तुकडा. "मास्तर, ह्याचा उशीला अभ्रा होईल का? ते गुजरातेत कामाला गेलेत, अजून फोन नाही. येतील तोवर म्हटलं करून ठेवावा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मलाच सांगावं लागलं." त्यांनी सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला गेला नाही. "अभ्रा शिवून दिला."

तेव्हापासून मास्तरांनी प्रत्येक कपड्यात 'ओळख' घालायला सुरुवात केली. शर्टाला कॉलरच्या आत, पँटला पट्ट्याच्या आत, पिवळ्या दोऱ्याने बारीक: नाव, गाव आणि फोन नंबर. लोक दचकायचे. नव्या कपड्यात असली सोय कोणाला आवडेल? म्हणून मास्तरांनी एक कारण तयार ठेवलं होतं.

"धोब्याकडे हरवू नये म्हनून."

आमच्या गल्लीत वॉशिंग मशीन नाही असं घर नव्हतं. तरी सगळे माना हलवायचे. एका नवरदेवाच्या आईने तर कडाक्याचं भांडण काढलं, की लग्नाच्या सुटात हे अशुभ कशाला. मास्तर म्हणाले, "काकी, वरातीत हरवला तर परत कोन आननार?" आमच्या हौशी नाटकात मी राजा होतो, राजाच्या अंगरख्यातही पिवळ्या दोऱ्याने 'रिक्षा स्टँडच्या मागे, माणिकपूर' होतं. सिंहासनावर बसलं की ते टोचायचं.

"आणि नंबर बायकोचा का?" मी विचारलं होतं.

"तुमचा काय कामाचा? तुम्हीच पडलात तर उचलनार कोन?"

"मग तुमची ओळख कुठे आहे, मास्तर?"

"मला काय करायचीय? अख्खी वसई ओळखते मला."

आता माझ्या शर्टाकडे येतो. पांढऱ्यावर राखाडी रेघांचा. माप देताना मी पोट आत ओढून उभा होतो. मास्तर टेप धरून थांबले. वाट बघत राहिले. माझा श्वास संपत आला.

"सोडा," ते म्हणाले. "शर्ट तुमच्यासाठी शिवायचाय, फोटोसाठी नाही."

"हेच माझं माप आहे!"

त्यांनी तेच लिहून घेतलं. शर्ट आला, मी घातला, शिंकलो, आणि तिसरं बटण समोरच्या आरशावर जाऊन आदळलं. सैल करायला परत नेला तेव्हा मास्तरांनी स्टँडवरच्या चार रिक्षावाल्यांना बोलावून ती शिंक माझ्याकडून पुन्हा करून घेतली. त्या लाजेपायी मी शर्ट आणायला गेलोच नाही. पुढे एकदा मास्तर तो घालून बाजारात दिसले. खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. "हवा लावतोय," त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं. "दोन इंच सोडलाय. तुम्ही पोट घेऊन या."

त्यानंतर काही दिवसांनी हवालदार एक शर्ट घेऊन आले. लेबल नाही, खिसा रिकामा. म्हणाले, "मास्तर, सोमवारपर्यंत ठेवू शकतो. पुढे नाही."

मास्तरांनी शर्ट उलटा केला, सुलटा केला, मग दुसऱ्या बटणावर बोट ठेवून बसून राहिले. "हे बघा. बाकीची बटनं शिंप्याची. हे घरातलं. पांढरं बटन आनि हिरवा दोरा. पांढरा शोधायला वेळ नव्हता. हा दारात उभा, निघायची घाई, आनि ती अंगातल्या शर्टालाच टाका घालतेय." त्यांनी बटणामागची जागा दाखवली. "दोरा दातांनी तोडलाय."

हवालदारांनी चहा खाली ठेवला.

"ती वाट बघत असनार," मास्तर म्हणाले.

काजाच्या वळणावरून त्यांचा अंदाज होता की शिंपी वरच्या बाजूचा, पालघरकडचा. शर्टाचा फोटो मागून घेतला आणि सफाळ्यापासून दुकानं धरली. रोज एक बाजार. फोन नेहमीसारखा दुकानाच्या खणात. तो खिशात थरथरला की कात्री वाकडी जाते, असं त्यांचं म्हणणं, आणि कात्री हातात नसतानाही ते म्हणणं लागू होतं. शनिवारी संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या डहानू. एवढंच राहिलंय."

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बायकोचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हो, माझेच मिस्टर," ती म्हणाली. "काय झालं त्यांना?"

पलीकडून काहीतरी हळू आवाजात.

"अहो, ते जेवतायत."

पलीकडून आणखी हळू.

"धीर कसला धरू? तिसऱ्यांदा भात घेतायत!"

मला हसू फुटलं. मी उभा राहून, हात पसरून, स्वर्गातून खाली बघतोय असा अभिनयसुद्धा केला. मग तिने फोन स्पीकरवर टाकला आणि तो आवाज म्हणाला, "बाई, शर्टात नाव आहे. माणिकपूर लिहिलंय. पिवळ्या दोऱ्याने. पांढरा शर्ट, राखाडी रेघा."

माझे हात तसेच राहिले.

डहाणूच्या सरकारी रुग्णालयात मास्तर माझ्या शर्टात झोपले होते. बाजारातला एक शिंपी बाहेर थांबला होता. त्याने सांगितलं, "म्हातारबाबा फोटो घेऊन आले. फोटोतला शर्ट मीच शिवलेला, मी माणसाचं नाव-गाव सांगितलं. त्यांनी ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. मग पाणी मागितलं, बाहेरच्या बाकावर बसले, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती."

"पोलिसांनी नाव विचारलं तर मला काय ठाऊक? खिशात पाकीट नाही, फोन नाही," तो म्हणाला. "मग सवयीने कॉलर उलटून बघितली."

खिडकीमागच्या माणसाने फॉर्म पुढे केला. मृताशी नाते.

"गिऱ्हाईक," मी सांगितलं.

"हे नातं नाही लिहिता येत."

"का? माझं माप घेतलंय त्यांनी."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि 'परिचित' लिहिलं. मी खणातला फोन उघडायला गल्लीतल्या एकाला पाठवलं, मुलीचा नंबर मिळाला, ती नाशिकहून निघाली. मागे नाव-गाव लिहिलेला फोटो मी हवालदारांना दिला. सोमवारी सकाळी हिरव्या दोऱ्यावालीचे लोक येऊन आपला माणूस घेऊन गेले. मुदतीच्या आत. त्याच सकाळी आम्ही मास्तरांना नेलं. फादर आले, मेडिकलवाला, पोस्टमन, चारही रिक्षावाले आले. अख्खी वसई ओळखते, हे काही अगदीच खोटं नव्हतं.

शर्ट मला परत मिळाला. दोन इंच सोडलेला, बरोबर बसतो. शिंकूनही पाहिलं.

परवा दिवाळीसाठी नव्या शिंप्याकडे गेलो. पोरगेलासा, कानात फोनची वायर. मी पोट सोडून उभा राहिलो, पूर्ण सोडून. त्याने टेप फिरवली, आकडा लिहिला, दोनदा तपासला.

"कॉलरच्या आत नाव घाल," मी म्हणालो. "गाव, आणि फोन नंबर. पिवळ्या दोऱ्याने."

"तुमचा नंबर, काका?"

"नाही. बायकोचा."

"कशाला पण हे?"

दुकानाबाहेरून एक माणूस चालला होता. त्याची कॉलर मागून जरा वर आली होती. माझी दोन बोटं उगाचच शिवशिवली.

"धोब्याकडे हरवू नये म्हणून," मी म्हणालो.