मशीनला आलेली शंका

एमआरआय सेंटरमध्ये किस्से शोधत फिरावं लागत नाही. मशीनपाशी धातू चालत नाही, म्हणून बाया अंगावरचं एकेक काढत जातात, आणि काढता काढता बोलत जातात! दोन हजार सालानंतर काही वर्षं मी चंद्रपूरच्या अशा एका सेंटरमध्ये रजिस्टर सांभाळलं. स्तनात गाठ असलेल्या बाया यायच्या. सगळ्यांचा प्रश्न एकच: गाठ साधी की कॅन्सरची? मी माझ्यापुरती एक वही ठेवली होती. डाव्या पानावर एमआरआय काय म्हणतो, उजव्या पानावर नंतर गाठीचा तुकडा तपासून काय निघालं.

*

जिवतीकडची एक बाई मंगळसूत्र काढून कुठे ठेवायला तयार नाही. शेवटी नवऱ्यानं ते स्वतःच्या गळ्यात घातलं आणि बाकावर बसला. समोरचे लोक हसायला लागले.

"हसून काय राह्यले? खिशातून हरवलं तं मले घरात कोन घेते?"

*

या तपासणीत पालथं निजून अर्धा तास अजिबात हलायचं नसतं. आलापल्लीची एक बाई इतकी छान निजली की घोरायलाच लागली! फोटो हलले. डॉक्टर माइकवरून म्हणाले, "बाई, झोपा खुशाल, पण घोरू नका."

आतून आवाज आला, "निजेत मले कसं समजन, साहेब?"

*

वर्षभरानं डॉक्टरांनी माझी वही मागितली. "भाऊ, खरं सांगा, मी किती चुकलो?"

मी म्हटलं, "सर, कॅन्सर होता आणि मशीनला दिसला नाही, असं एकदाच झालं. पण मशीनला शंका आली आणि तुकड्यात काहीच निघालं नाही, असं बरेचदा."

आमचा टेक्निशियन वासुदेव लगेच म्हणाला, "सर, आपली मशीन नव्या फॉरेस्ट गार्डसारखी हाय. पाचोळा वाजला का वाघ!"

डॉक्टर हसले. पण तेव्हापासून शंका असली की ते स्वतः बाहेर येऊन सांगायचे, "तुकडा तपासल्याशिवाय घाबरू नका."

असं सांगून कोणी घाबरायचं थांबतं का!

*

सुमनबाई मार्कंड्याजवळच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. वहीत त्यांच्या नावापुढे डाव्या पानावर मी 'शंका' असंच लिहिलं होतं. तुकडा नागपूरला गेला. आठ दिवसांनी नवरा-बायको रिपोर्टचं बंद पाकीट घेऊन थेट आमच्याकडे आले.

"तुमीच पाह्यलं होतं, तुमीच वाचा."

नवऱ्यानं पाकीट पुढे केलं, पण त्याच्या बोटांतून ते सुटेना. डॉक्टरांनी हळूच ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं.

"साधी गाठ आहे, बाई. कॅन्सर नाही."

नवरा होता तिथेच जमिनीवर बसला. डॉक्टरांनाच ओशाळल्यासारखं झालं. "माफ करा. आमच्या मशीनमुळे आठ दिवस तुमच्या जिवाला घोर लागला."

"माफी काऊन मांगता, साहेब?" सुमनबाईंनी डोळे पुसले. "आठ दिवस ह्याईनं पानी भरलं, मासोळी साफ केली, मले चुलीजवळ फिरकू नाई देल्लं. आनखी महिनाभर शंका लिहून देता का?"

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चाल वं. आज झिंगे आनले हायेत, मलेच साफ कराचे राह्यले."